अमेरिकेत पोलिसांनी गाडी थांबवली तर: काय द्यायचं, कशाला नाही म्हणायचं आणि निघायचं कधी

शिकायला किंवा नोकरीला अमेरिकेत आलेला आपला माणूस वर्षभरात जुनी टोयोटा नाहीतर होंडा घेतोच. लायसन्सच्या पुस्तकात स्टॉप साइन, शाळेची बस, हायड्रंटपासूनचं अंतर, सगळं पाठ करतो. मागे लाल-निळे दिवे लागल्यावर पोलिसांना काय करता येतं आणि काय नाही, याबद्दल मात्र त्याला भारतातल्या सवयी आणि यूट्यूबवरचे आरडाओरडीचे व्हिडिओ एवढंच माहीत असतं. दोन्हींचा उपयोग शून्य.

मी वकील नाही. पण दोन राज्यांत बरीच वर्षं गाडी चालवली आहे, थांबवलाही गेलो आहे, ट्रॅफिक कोर्टाच्या बाकावर बसलो आहे. आमच्या मंडळात दर ऑगस्टमध्ये नवी मुलंमुली येतात आणि तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतो. मुख्य गोष्ट आधीच सांगतो. पोलिसांनी तुम्हाला रस्त्याकडेला किती वेळ अडकवावं याला घटनेनं मर्यादा घातली आहे. ती मर्यादा मिनिटांची नाही, कामाची आहे: ज्या कामासाठी थांबवलं ते संपलं की थांबवणंही संपलं. आणि ती मर्यादा आपण स्वतःच पुसून टाकू शकतो. त्यासाठी हसून 'शुअर, ऑफिसर' एवढं म्हटलं की पुरतं.

१. आधी नियम कुठून आला ते बघा

अमेरिकेच्या घटनेतली चौथी दुरुस्ती १७९१ ची. अवाजवी झडती आणि अवाजवी अटकाव यांपासून ती संरक्षण देते. पोलिसांनी दिवे लावून गाडी बाजूला घ्यायला लावली की तो कायद्याच्या भाषेत अटकावच. हे संरक्षण फक्त नागरिकांना नाही. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या मुलाला आणि एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरच्या इंजिनिअरलाही आहे.

ट्रॅफिक स्टॉपच्या बाबतीत ज्या खटल्याचं नाव लक्षात ठेवावं तो रॉड्रिग्ज विरुद्ध युनायटेड स्टेट्स. २७ मार्च २०१२, मध्यरात्र नुकतीच उलटलेली. नेब्रास्कात एका राज्य महामार्गावर एक गाडी क्षण-दोन क्षण कडेच्या शोल्डरवर गेली आणि झटक्यात परत लेनमध्ये आली. तिथे हा गुन्हा आहे, म्हणून पोलिसानं थांबवलं. चालक रॉड्रिग्ज म्हणाला, खड्डा चुकवत होतो. (हे कारण आपल्याला पटायला वेळ लागत नाही.) पोलिसानं लायसन्स, रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स तपासलं, शेजारी बसलेल्याचीही चौकशी केली, लेखी वॉर्निंग लिहिली, समजावून सांगितली आणि सगळे कागद परत केले. तेव्हा साडेबाराला दोन-तीन मिनिटं कमी होती. त्यानंतर त्यानं विचारलं, गाडीभोवती अमली पदार्थ हुंगणारा कुत्रा फिरवू का? रॉड्रिग्ज नाही म्हणाला. पोलिसानं त्याला इंजिन बंद करून खाली उतरायला लावलं, दुसरा अधिकारी येईपर्यंत उभं केलं आणि मग कुत्रा फिरवला. कुत्र्यानं इशारा दिला, गाडीत मेथॅम्फेटामिन हा अमली पदार्थ सापडला. वॉर्निंग हातात दिल्यापासून सात-आठ मिनिटं गेली होती.

सरकारचं म्हणणं, सात-आठ मिनिटांनी काय बिघडतं? २१ एप्रिल २०१५ ला सर्वोच्च न्यायालयानं ६ विरुद्ध ३ मतांनी उत्तर दिलं: बिघडतं. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी बहुमताचा निकाल लिहिला. लायसन्स बघणं, वॉरंट आहे का ते तपासणं, रजिस्ट्रेशन आणि इन्शुरन्स पाहणं, तिकीट (म्हणजे दंडाची पावती) किंवा वॉर्निंग लिहिणं ही स्टॉपची कामं. ती झाली, किंवा रीतसर वेगानं केली असती तर जेव्हा व्हायला हवी होती, तिथे अधिकार संपतो. पुढे रोखायचं तर वेगळा, सांगता येईल असा संशय हवा. कुत्र्यानं हुंगणं हे ट्रॅफिकचं काम नव्हे.

या गोष्टीचं शेपूट सहसा कोणी सांगत नाही. रॉड्रिग्ज तत्त्वाची लढाई जिंकला, पण शिक्षा टळली नाही. खटला परत खाली गेल्यावर अपील न्यायालय म्हणालं, त्या रात्री तिथे लागू असलेल्या निकालांप्रमाणे पोलीस प्रामाणिकपणेच वागला, म्हणून पुरावा टिकतो. तेव्हा हक्क आहे म्हणजे तो मोडल्यावर लगेच काही मिळेलच, अशा समजात राहू नका.

२. गाडीत काय असावं

- ड्रायव्हिंग लायसन्स, मूळ. भारतीय लायसन्सवर किती दिवस चालवता येतं हे राज्याराज्यात वेगळं आहे. तुमच्या राज्याच्या डीएमव्हीच्या (लायसन्स देणाऱ्या खात्याच्या) साइटवर बघा, रूममेटवर विसंबू नका.
- गाडीचं रजिस्ट्रेशन. मित्राची गाडी असेल तर ते कुठे ठेवलंय हे किल्ली घेतानाच विचारा.
- इन्शुरन्स कार्ड, कागदावर छापलेलं. फोनवर दाखवलेलं बहुतेक राज्यांत चालतं, पण मग उघडा फोन पोलिसाच्या हातात जातो. छापील प्रत फुकटात होते.
- १८ वर्षांवरच्या बिगर-नागरिकांनी नोंदणीचा पुरावा सतत जवळ बाळगला पाहिजे असा फेडरल कायदा आहे. ग्रीन कार्डवाल्यांसाठी ते कार्ड. बाकीच्यांसाठी आय-९४ ची (देशात प्रवेश केल्याच्या नोंदीची) छापील प्रत किंवा वर्क परमिटचं कार्ड. वर्षानुवर्षं याकडे कोणी बघत नव्हतं. २०२५ पासून सरकारनं यावर भर दिला आहे.
- एका वकिलाचा नंबर, पाकिटात कागदावर लिहिलेला. फोन काढून घेतला तर पाठ किती नंबर असतात आपल्याला?

हे सगळं एका पाकिटात घालून ग्लव्ह बॉक्समध्ये वर ठेवा. खाली जुन्या पावत्या, केचपच्या पुड्या आणि कुंकवाची डबी उपसत बसलात की समोरचा माणूस तुमच्या हातांकडे बघत उभा असतो.

३. दिवे दिसले की

सिग्नल द्या, वेग कमी करा, उजवीकडे सुरक्षित जागी थांबा. अंधार असेल तर हजार्डचे लुकलुकते दिवे लावून उजेडाच्या जागेपर्यंत हळू गेलं तर चालतं, फार लांब जाऊ नका. इंजिन बंद, आतला दिवा चालू, काच खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर.

आणि गाडीतून उतरू नका. आपल्याकडे नाक्यावर शिट्टी वाजली की गाडी लावून, कागद घेऊन साहेबांकडे चालत जायची सवय असते. तिथे तेच अदबीचं समजतात. इथे न सांगता दार उघडून मागे चालत येणारा माणूस म्हणजे धोका, आणि त्या पोलिसाचा हात कुठे जाईल हे लिहायची गरज नाही. कागद काढण्याआधी कुठून काढताय ते तोंडानं सांगा, मग हात हलवा.

'साहेब, जाऊ द्या ना' इथपर्यंत ठीक. चहापाण्याची भाषा, लायसन्सखाली घडी घातलेली नोट, 'इथेच काहीतरी मिटवू' हे विनोदानंही नको. पन्नास-शंभर डॉलरच्या दंडाचं लाच देण्याच्या गंभीर गुन्ह्यात रूपांतर होतं, आणि व्हिसावरच्या माणसासाठी त्याचे परिणाम देश सोडण्यापर्यंत जातात.

४. मला थांबवलंच का?

नुसतं लायसन्स आहे का बघू म्हणून वाटेल ती गाडी थांबवता येत नाही, हे डेलावेअर विरुद्ध प्राउझ या १९७९ च्या निकालात ठरलं. काहीतरी नियमभंग किंवा त्याचा वाजवी संशय हवा. पण हा दिलासा दिसतो तेवढा मोठा नाही, कारण नियमभंग सापडणं फार सोपं आहे: सिग्नल न देता लेन बदलली, नंबरप्लेटवरचा दिवा गेला, फ्रेमनं स्टिकर झाकलं. पोलिसाच्या मनात खरं कारण दुसरंच असलं तरी चालतं, असं १९९६ मध्ये व्रेन खटल्यात एकमतानं ठरलं. २०१४ च्या हाइन खटल्यात तर पोलिसालाच कायदा नीट माहीत नव्हता: नॉर्थ कॅरोलिनात एक ब्रेकलाइट चालू असला तरी पुरत होता, त्यानं एक बंद दिसला म्हणून थांबवलं. चूक वाजवी होती, म्हणून स्टॉप वैध.

म्हणून 'मला उगाच थांबवलं' हा वाद खिडकीत घालू नका. तिथे निकाल देणारं कोणी नसतं.

नाकाबंदीचं वेगळं आहे. दारू पिऊन चालवणाऱ्यांसाठी ठरवून लावलेले चेकपॉइंट चालतात असं सर्वोच्च न्यायालयानं १९९० मध्ये मिशिगनच्या खटल्यात म्हटलं. गंमत म्हणजे पुढे मिशिगनच्याच न्यायालयानं राज्याच्या घटनेखाली ते बंद पाडले. अमली पदार्थ शोधायला लावलेली नाकाबंदी मात्र २००० मध्ये इंडियानापोलिसच्या खटल्यात घटनाबाह्य ठरली. आणि दक्षिण सीमेजवळच्या महामार्गांवर, सॅन डिएगोहून वर येताना किंवा टेक्सासच्या खालच्या टोकाला, इमिग्रेशनची कायम चौकी लागते. तिथे संशय नसतानाही थांबवून विचारता येतं. सहलीला निघताना वरच्या यादीतला चौथा कागद घ्या.

५. काय द्यावंच लागतं, काय बोलावं लागत नाही

चालकानं लायसन्स, रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स मागितलं की द्यायचं. यावर वाद नाही. त्यापुढचे प्रश्न, कुठून आलात, कुठे निघालात, गाडी कोणाची, आज काय कार्यक्रम, यांची उत्तरं देणं बंधनकारक नाही. पोलीस ते विचारू शकतो; त्यामुळे स्टॉप लांबत नाही तोवर कायदा त्याला अडवत नाही. साध्या प्रश्नाला साधं उत्तर द्यायला मीही हरकत घेत नाही, मुद्दाम ताठर होण्यात अर्थ नसतो. पण आपली खोड ही की घाबरलो की जास्त बोलतो. 'ऑफिसमधून आलो, म्हणजे ऑफिस नाही, मित्राकडे गेलो होतो, तो पण ऑफिसमधलाच' हे नंतर अहवालात 'प्रवासाबद्दल विसंगत माहिती दिली' असं उमटतं आणि संशयाच्या यादीत जाऊन बसतं.

'का थांबवलं माहीत आहे का?' या प्रश्नाला 'हो, पंच्याहत्तरनं येत होतो' हे उत्तर म्हणजे कबुली, आणि ती कॅमेऱ्यात. 'नाही, ऑफिसर' पुरे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२४ पासून पोलिसानंच आधी कारण सांगितलं पाहिजे, मग प्रश्न विचारायचे, असा कायदा आहे.

टीव्हीवर ऐकलेली 'तुम्हाला गप्प राहण्याचा हक्क आहे' ही सूचना इथे मिळेल म्हणून वाट पाहू नका. साध्या स्टॉपमध्ये ती देणं लागत नाही, हे १९८४ च्या बर्केमर निकालापासून ठरलेलं आहे. न सांगितलेला हक्कही हक्कच असतो.

गप्प राहता येतं, खोटं बोलता येत नाही. खोटं नाव, मित्राचं लायसन्स, आणि सगळ्यात वाईट म्हणजे 'मी अमेरिकन नागरिक आहे' असं ठोकून देणं. या शेवटच्यानं ग्रीन कार्डचा रस्ता कायमचा बंद होऊ शकतो.

६. 'खाली उतरा' म्हटलं तर उतरा

यावर बरेच जण अडतात, कारण व्हिडिओत कोणीतरी 'माझा हक्क आहे' म्हणत काच वर केलेली असते. तसा हक्क नाही. १९७७ च्या पेनसिल्व्हेनिया विरुद्ध मिम्स निकालानुसार वैध स्टॉपमध्ये चालकाला आणि १९९७ च्या मेरीलँड विरुद्ध विल्सननुसार बाकीच्यांनाही बाहेर यायला सांगता येतं. वेगळं कारण द्यावं लागत नाही. उतरा, दार लावा, हात दिसतील असे ठेवा. शस्त्र असल्याचा वाजवी संशय असेल तर वरवर चाचपणी करता येते. खिशातल्या वस्तू काढून बघणं ही पुढची पायरी, तिला वेगळं कारण लागतं.

७. झडतीचा प्रश्न

इथे रेंगाळतो, कारण आपली बहुतेक माणसं इथेच घसरतात.

पोलीस 'मला झडती घ्यायची आहे' असं क्वचित म्हणतो. तो हसऱ्या चेहऱ्यानं विचारतो, 'डू यू माइंड इफ आय टेक अ क्विक लुक?' आता 'नो' म्हटलं तर अर्थ झाला 'माझी हरकत नाही, बघा'. 'येस' म्हटलं तरी सुरात 'हो, बघा' ऐकू येऊ शकतं. त्यात आपण मान अशी डोलावतो की तिचा अर्थ इथल्या माणसाला हमखास होकार वाटतो. म्हणून प्रश्नाच्या वळणात अडकू नका, मान स्थिर ठेवा आणि एक अख्खं वाक्य बोला: 'ऑफिसर, आय डू नॉट कन्सेन्ट टू अ सर्च.' शांतपणे, बॉडी कॅमेऱ्यात नोंदलं जाईल इतक्या स्पष्ट आवाजात. घरी आरशासमोर चार वेळा म्हणून ठेवा. हसू येईल, पण त्या क्षणी इंग्रजी आठवत नाही.

'लपवायचं काही नाही, मग नाही कशाला म्हणू?' हे मला दर वर्षी ऐकावं लागतं. कारण तुमच्या गाडीत काय आहे हे तुम्हाला पूर्ण माहीत नसतं. जुनी गाडी कोणाकडून घेतली, गेल्या आठवड्यात विमानतळावर कोणाला सोडलं, मागच्या सीटखाली कोणाचं काय पडलंय? सापडलं तर ते चालकाच्या नावावर धरायला फार वेळ लागत नाही. आणि एकदा संमती दिली की घटनेनं दिलेली सगळी तटबंदी बिनकामाची होते, कारण संमतीनं झालेली झडती वैध असते. संमती देण्याआधी 'तुम्ही नाही म्हणू शकता' हे सांगायची पोलिसावर सक्ती नाही, असं १९७३ पासून ठरलेलं आहे. न्यू जर्सीत थोडं बरं: तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये ठरवलं की स्टॉपमध्ये झडतीची संमती मागायलाही पोलिसाकडे वाजवी संशय असला पाहिजे. एडिसन-इझेलिन या तिथल्या आपल्या वस्तीच्या गावांतल्या मंडळींनी हे लक्षात ठेवावं.

नकार दिला म्हणून तेवढ्यावरून संशय घेता येत नाही. पण नकार दिला म्हणून झडती होणारच नाही असंही नाही. गुन्ह्याचा पुरावा गाडीत आहे असं मानायला ठोस कारण असेल तर गाडीसाठी वॉरंट लागत नाही; हा अपवाद १९२५ पासूनचा, दारूबंदीच्या काळातला. खिडकीतून दिसणारी वस्तूही मोजली जाते. अशा वेळी वाक्य एकदा पुन्हा म्हणा आणि बाजूला उभे राहा. हात आडवा घालू नका, दार धरू नका. झडती बेकायदा होती की नाही हे न्यायाधीश ठरवतो, आणि त्याला ठरवता यावं म्हणून ते वाक्य नोंदलं गेलेलं असावं लागतं.

नुसतं वेगाचं तिकीट दिलं म्हणून मात्र झडती घेता येत नाही. आयोवात ताशी २५ मैलांच्या रस्त्यावर ४३ नं जाणाऱ्याच्या बाबतीत हे घडलं होतं. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती झडती अवैध ठरवली.

८. कागद परत मिळाले, आता?

स्टॉपमधला सर्वांत महत्त्वाचा क्षण हा, आणि तो चुकतो कारण तेव्हा आपण सुटकेचा श्वास टाकत असतो. लायसन्स परत आलं, वॉर्निंग किंवा तिकीट हातात आलं, म्हणजे काम संपलं. इथून पुढचं बोलणं सहसा 'राजीखुशीच्या गप्पा' धरलं जातं. आणि तुम्ही मोकळे आहात हे पोलिसानं सांगायलाच हवं असं नाही, असं १९९६ च्या ओहायो विरुद्ध रॉबिनेट निकालात आहे.

कॅन्ससच्या महामार्ग पोलिसांची याबाबतीत एक पद्धत प्रसिद्ध आहे, तिला 'कॅन्सस टू-स्टेप' म्हणतात. कागद दिले, 'हॅव अ सेफ ट्रिप' म्हटलं, गाडीकडे दोन पावलं टाकली, आणि वळून परत खिडकीशी: 'हे, आणखी दोन प्रश्न विचारू का?' चालक बिचारा 'शुअर' म्हणतो, आणि नवा, स्वखुशीचा संवाद सुरू होतो. २०२३ मध्ये तिथल्या फेडरल जिल्हा न्यायालयानं या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले.

मला एकदा टेललाइट गेल्याबद्दल थांबवलं होतं. वॉर्निंग दिली, लायसन्स दिलं, आणि मग खिडकीत कोपर टेकवून गप्पा सुरू: काम कुठे, मूळचे कुठले, मागे एवढ्या पिशव्या कसल्या? पिशव्यांत मंडळाची पातेली आणि झारे होते. मोदक, महाप्रसाद वगैरे समजावून सांगायचा मोह आवरला आणि विचारलं, 'ऑफिसर, अ‍ॅम आय फ्री टू गो?' तो 'या, यू आर गुड' म्हणाला. एवढंच. त्यात उद्धटपणा काही नव्हता, त्यालाही तसं वाटलं नाही.

हाच तो प्रश्न. उत्तर 'हो' आलं तर धन्यवाद म्हणा, सिग्नल द्या, निघा. उत्तर 'नाही' आलं तर निघू नका. पण आता तुम्हाला रोखून धरलंय हे त्याच्याच तोंडून नोंदलं गेलं. त्याचं कारण काय, हे त्याला पुढे सांगावं लागेल.

९. वेळ लांबतच चालला तर

'किती मिनिटं' हे विचारणाऱ्यांना आकडा देता येत नाही. १९८५ च्या एका खटल्यात वीस मिनिटंही वाजवी ठरली आणि न्यायालयानं घड्याळाची रेष आखायला नकार दिला. रॉड्रिग्जच्या खटल्यात सात-आठ मिनिटं जास्त झाली. बघायचं ते हे की पोलीस त्या वेळात स्टॉपचं काम करतोय की दुसरंच काही. कॉम्प्युटर हळू चालतोय, भाषांतर करणारा शोधतोय, ही कारणं चालतात. तिकिटाचं पुस्तक बाजूला ठेवून कुत्र्याची गाडी येईपर्यंत तुमच्या बालपणाची चौकशी चालली असेल तर ते चालत नाही.

कुत्र्याबद्दल गोंधळ असतो. काम चालू असतानाच, वेळ न वाढवता, गाडीभोवती कुत्रा फिरवला तर त्याला तुमची संमती लागत नाही. २००५ च्या इलिनॉय विरुद्ध कॅबाल्स निकालाप्रमाणे ते हुंगणं झडतीत धरत नाहीत. हरकत आहे ती त्यासाठी ताटकळत ठेवण्याला.

आणि वाजवी संशय म्हणजे काय? नुसती अंतःप्रेरणा नाही, शब्दांत मांडता येतील अशा गोष्टी हव्यात. प्रत्यक्षात यादीत येतं ते असं: घाम, थरथरणारे हात, उग्र एअर फ्रेशनर, भाड्याची गाडी दुसऱ्याच्या नावावर, दोघांनी सांगितलेल्या दोन कहाण्या. घाबरलेलं दिसणं एकट्यानं पुरत नाही असं न्यायालयं वारंवार सांगतात, पण दोन-तीन गोष्टी जोडल्या की पारडं झुकतं. तुमच्या हातात त्यातलं एकच आहे, बडबड कमी करणं. 'आय वुड लाइक टू लीव्ह नाऊ, इफ आय अ‍ॅम फ्री टू गो' हे मधूनमधून म्हणा. वेळ बघून ठेवा. फोन स्टँडवर असेल तर रेकॉर्डिंग सुरू करायला हरकत नाही. हातात धरून पोलिसाच्या तोंडासमोर नाचवू नका.

१०. दारू आणि गांजा

'दोनच बिअर घेतल्या' हे वाक्य अमेरिकेत पोलिसासमोर उच्चारलेलं सगळ्यात महाग वाक्य असावं. किती प्यायलात याचं उत्तर देणं बंधनकारक नाही. सरळ रेषेत चालून दाखवण्याच्या चाचण्या बहुतेक राज्यांत ऐच्छिक असतात. मात्र अटकेनंतरची श्वासाची चाचणी नाकारली तर लायसन्स निलंबित होतं, आणि त्या चाचणीसाठी वॉरंट लागत नाही. रक्त घ्यायचं तर सहसा वॉरंट लागतं; हा फरक २०१६ च्या बर्चफील्ड निकालातला. व्हिसावरच्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: दोषी ठरण्याआधी, नुसत्या अटकेवरूनही अमेरिकेचं परराष्ट्र खातं व्हिसा रद्द करू शकतं. उबर करा.

गांजा तुमच्या राज्यात दुकानात मिळत असेल, फेडरल कायद्यात अजून गुन्हाच आहे आणि इमिग्रेशन फेडरल आहे. 'कधीतरी घेतो' ही कबुलीसुद्धा बिगर-नागरिकाला नडू शकते. गाडीत मित्राचाही नको.

११. शेजारी बसलेल्यांसाठी

गाडी थांबली की तुम्हीही थांबवलेले असता, आणि स्टॉप बेकायदा असेल तर तुम्हालाही दाद मागता येते, हे २००७ च्या ब्रेंडलिन निकालात आहे. चालकाच्या वतीनं बोलू नका, त्याला मराठीतून सूचना देऊ नका. न कळणाऱ्या भाषेतली कुजबुज कोणालाच आवडत नाही. आईबाबा भारतातून आलेले असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा: उतरायचं नाही, पर्समध्ये हात घालायचा नाही, 'बेटा, सोड ना त्याला' म्हणायचं नाही.

१२. अटक झाली तर

सीटबेल्ट न लावल्याबद्दल अटक होऊ शकते का? टेक्सासमधल्या लागो व्हिस्टा गावात १९९७ मध्ये एका आईला मुलांदेखत बेड्या घातल्या गेल्या. त्या गुन्ह्याला जास्तीत जास्त शिक्षा ५० डॉलर दंड. सर्वोच्च न्यायालय २००१ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी म्हणालं, घटना याला अडवत नाही. मला हा निकाल आजही पटत नाही, पण कायदा तोच आहे. म्हणून क्षुल्लक तिकिटावर आवाज चढवण्यात फायदा नाही.

अटक झालीच तर दोन वाक्यं: 'मी गप्प राहणार आहे' आणि 'मला वकील हवा'. ही इंग्रजीत, स्पष्ट बोलायची आणि मग खरंच गप्प राहायचं. अटक झाली म्हणून आपोआप सगळी गाडी तपासता येत नाही, २००९ च्या गँट निकालानं त्यावर बंधनं आणली. पण गाडी ओढून नेली तर आतल्या वस्तूंची यादी करताना बरंच काही उघडलं जातं. फोनमधला मजकूर बघायला वॉरंट लागतं, २०१४ चा रायली निकाल. पासवर्ड देऊ नका. भारतीय वकिलातीला कळवा असं सांगायचा हक्क व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमानं दिला आहे. तो तुम्हीच मागा.

१३. घरी आल्यावर

तिकिटावर सही म्हणजे गुन्हा कबूल नव्हे, ठरलेल्या दिवसापर्यंत उत्तर देईन एवढंच वचन. सही नाकारून अटक ओढवून घेऊ नका. त्याच रात्री सगळं लिहून काढा: जागा, वेळ, गाडीचा नंबर, बॅज नंबर, कागद कधी परत मिळाले, त्यानंतर काय विचारलं, तुम्ही नेमकं काय म्हणालात. बॉडी कॅमेऱ्याचं चित्रीकरण मागायचं असेल तर लवकर अर्ज करा, ते कायम ठेवलं जात नाही.

मग तारीख. तिकिटावरची तारीख चुकली की कोर्ट वॉरंट काढू शकतं, आणि पुढच्या वेळी साध्या टेललाइटसाठी थांबवलं की ते वॉरंट पडद्यावर दिसतं. मग वरच्या बारा पायऱ्यांचा फारसा उपयोग नाही. घर बदललं असेल तर कोर्टाला आणि डीएमव्हीला नवा पत्ता कळवा. लगेच ऑनलाइन दंड भरून मोकळं होण्याआधी लायसन्सवर दंडाचे पॉइंट्स किती लागतात ते बघा, इन्शुरन्सचा हप्ता वाढतो तो त्यानं. टेक्साससारख्या राज्यांत पात्र असाल तर डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा कोर्स करून तिकीट रद्द होतं, न्यू जर्सीत म्युनिसिपल कोर्टात सरकारी वकिलाशी बोलून कमी पॉइंटांच्या कलमावर आणता येतं. साध्या वेगाच्या तिकिटासाठी व्हिसाची काळजी सहसा नको. अटक झाली असेल, बोटांचे ठसे घेतले असतील, तर आरोप मागे घेतला गेला तरी व्हिसाच्या अर्जात कधी अटक झाली होती का या प्रश्नाला 'हो' लिहावं लागतं. कोर्टाच्या निकालाची प्रमाणित प्रत काढून ठेवा, आणि भारताचं तिकीट काढण्याआधी इमिग्रेशन वकिलाला दाखवा.